गैरहजेरीची तपासणी

आमच्या केळंबेट्टूच्या चर्चमध्ये डाव्या रांगेतल्या तिसऱ्या बाकाचं खिडकीकडचं टोक माझं आहे, असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. लिहून घ्यायला हवं होतं, असं मला आता वाटतं. बावीस वर्षं दर रविवारी साडेसातच्या मिस्सेला मी तिथेच बसत आलो. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी शेहेचाळीस पायऱ्या चढून, दम खाऊन आत गेलो, तर तिथे एक गृहस्थ बसलेले. पांढराशुभ्र शर्ट, सोनेरी घड्याळ आणि अत्तराचा असा घमघमाट की वेदीवरच्या धुपाने लाजावं. मस्कतहून कायमचे परत आलेले व्हिन्सेंट मेनेझिस ते हेच, हे मी ओळखलं. मी बाकाजवळ उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघून मंद हसून दोन बोटं जागा केली.

दोन बोटं! मी वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होतो. दोन बोटं म्हणजे किती, हे मला कुणी सांगायला नको. दोन बोटांत माणूस मावत नाही हे मस्कतमध्येही कळत असणार. म्हणजे ते हसू मुद्दाम होतं. मी मागे जाऊन खांबाआड बसलो. तिथून फादर वालेरियन अर्धेच दिसतात. त्या अर्ध्या फादरांनी त्या दिवशी नेमकं प्रवचन दिलं ते मंडळीवर. चर्च म्हणजे दगडविटा नव्हेत, आपण सगळ्यांनी एकमेकांना धरून राहणं म्हणजे चर्च, वगैरे. मिस्सा संपली. आवारात सगळे नेहमीसारखे घोळक्याने बोलत उभे राहिले. पावसाबद्दल बोलले, सुपारीच्या रोगाबद्दल बोलले. ‘क्रास्ताबाब, आज खांबाआड कसे?’ असं एकानेही विचारलं नाही.

मला संशय आला. खात्यात असताना आम्ही दुकानात तराजू तपासायला जायचो तेव्हा आधी कळवत नसू. पाटीवर ‘चोख वजन’ असं जितक्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं, तितका काटा जास्त वेळ बघायचा, हा माझा शिरस्ता. इथे तर पाटी दर रविवारी वाचून दाखवत होते. तेव्हा मी ठरवलं, की आता न कळवता तपासणी करायची. आपण चर्चला जायचंच नाही. किती रविवारांनी कुणाच्या लक्षात येतं ते बघायचं.

माझी बायको सेवरीन हे ऐकून हातातला कालथा घेऊनच बाहेर आली.

“देवाकडे जायचं सोडून माणसांची परीक्षा घेणार तुम्ही? पाप लागेल.”

“पाप नाही, तपासणी आहे. आणि मिस्सा मी बुडवणार नाही. टीव्हीवर बिशपांची मिस्सा असते. देवाशी माझं भांडण नाही.”

“मग भांडण कुणाशी आहे?”

“तेच तपासायचंय. तू आपली जा. कुणी विचारलं तर मला येऊन सांग. आपण होऊन काही बोलू नकोस.”

पहिल्या रविवारी ती एकटी गेली. मी धुतलेला शर्ट घालून टीव्हीसमोर बसलो. मिस्सा छान होती. आवाज कमीजास्त करता येत होता, बिशप संपूर्ण दिसत होते. फक्त कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे याचा घोटाळा व्हायला लागला. चर्चमध्ये पुढचा उठला की आपण उठतो. इथे पुढे टीव्ही. तो उठत नाही. प्रवचनाच्या वेळी मांजर येऊन खुर्चीत झोपलं आणि थोड्या वेळाने मीही. जागा झालो तेव्हा पडद्यावर एक बाई केसाला लावायच्या तेलाबद्दल मोठ्या श्रद्धेने बोलत होत्या.

सेवरीन आली तसं मी विचारलं, “कुणी विचारलं?”

“नाही,” ती म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या रविवारीही “नाही”. तिसऱ्या रविवारीही “नाही”, पण या वेळी ती माझ्याकडे न बघता म्हणाली. चौतीस वर्षांत मी शेकडो दुकानदार माझ्याकडे न बघता “नाही साहेब” म्हणताना ऐकलेत. मी ते मनात टिपून ठेवलं. पण बायकोची झडती घेण्याचा अधिकार सरकारने कधी दिला नव्हता आणि निवृत्तीनंतर तो मिळण्याची शक्यता नव्हती.

सोमवारी सकाळी शेजारच्या हिल्डाबाई लोबो कुंपणाच्या भिंतीवरून डोकावल्या. त्यांच्या हातात निरगुडीचा पाला होता.

“क्रास्ताबाब, गुडघा कसा आहे?”

“कुठला?”

“आता कुठला ते तुम्हालाच ठाऊक. सेवरीन म्हणाली गुडघा, मी म्हटलं पाला घेऊन जाऊ. हा वाफवून बांधा. आणि हो, उकडा तांदूळ बंद करा काही दिवस. गुडघ्यात पाणी धरतं त्यानं.”

मी आत वळून सेवरीनकडे बघितलं. ती चुलीकडे बघत होती.

“तू तर म्हणालीस कुणी विचारलं नाही!”

“विचारलं. पहिल्याच रविवारी विचारलं. हिल्डाबाईंनी विचारलं. मी काय सांगायचं होतं? माझा नवरा बाकासाठी रुसून बसलाय?”

“रुसून नव्हे—”

“तपासणी! ते सांगितलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली असती का? म्हणून म्हटलं, गुडघा.”

आता हिल्डाबाई भिंतीपलीकडून टक लावून बघत होत्या. बायकोला खोटं पाडणं बरं दिसत नाही. मी मुकाट्याने उजव्या गुडघ्याला पाला बांधून ओसरीवर बसलो. चांगल्या धडधाकट गुडघ्याला वाफवलेली निरगुडी बांधल्यावर तो खरोखरच दुखायला लागतो, ही माहिती कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

दुपारी फाटकाशी अत्तराचा वास आला आणि मागोमाग व्हिन्सेंट मेनेझिस. हातात केळ्यांचा अख्खा घड.

“आपल्याला बरं नाही असं समजलं. त्या दिवशी मी आपल्या जागेवर बसलो होतो म्हणे. मला कुणी सांगितलं नाही हो. आता मी पलीकडे बसतो. आपली जागा रिकामीच असते.”

माणूस बोलायला गोड होता. पण जो केळी घेऊन येतो त्याच्या काट्यात काहीतरी असतं, हा माझा नोकरीतला अनुभव. मी घड उचलून खालून बघितला. केळी चांगली होती. त्यामुळे तर संशय अधिकच वाढला.

ते बसलेले असतानाच मार्सेल ताव्रो आले. ताव्रो म्हणजे आमच्या वाड्याचे गुरकार. वाड्यातली चाळीस घरं, त्यांची आजारपणं, भांडणं, बाप्तिस्मे आणि दर गुरुवारी पाळीपाळीने एकेकाच्या घरी होणारी प्रार्थना, एवढं सगळं चर्चने त्यांच्यावर सोपवलंय आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. खुर्ची माझ्याजवळ ओढून अगदी हळू आवाजात ते म्हणाले,

“पोटाचं काय म्हणतात डॉक्टर?”

“पोटाचं?”

“सेवरीनबाई म्हणाल्या, पोट.” मग त्यांची नजर माझ्या पाल्यावर गेली. “हे काय? गुडघा?”

मी सेवरीनकडे बघितलं. तिने डोळ्यांनी जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की दुसऱ्या रविवारी विचारणारा माणूस वेगळा होता आणि पहिल्या रविवारी काय सांगितलं ते ती विसरली होती.

“पोटातलं गुडघ्यात उतरलं असेल,” हिल्डाबाई भिंतीवरून म्हणाल्या. त्या सकाळपासून तिथेच होत्या की काय कोण जाणे. “माझ्या थोरल्या दिरांचं असंच झालं होतं. आधी पोट, मग गुडघा.”

“मग?” व्हिन्सेंटनी विचारलं.

“मग काय? गेले बिचारे.”

गुरकारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जाताना डाळिंबाच्या सालीचा काढा सांगून गेले. व्हिन्सेंटनी मस्कतच्या एका डॉक्टरचं नाव सांगितलं. तो मनुष्य फक्त उंटांना औषध देत असे, हे त्यांनाच बोलता बोलता आठवलं.

पुढच्या रविवारी सेवरीन चर्चहून परत आली ती पांढरीफटक. मिस्सेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली, त्यात माझं नाव होतं. नुसतं नाव नव्हतं. ‘अंथरुणाला खिळलेले आपले बंधू लिगोरी क्रास्ता’ असं होतं. सगळं चर्च गुडघे टेकून माझ्यासाठी प्रार्थना करत असताना बंधू लिगोरी घरी नीरदोशांबरोबर कालचं डुक्करमास खात होते. मी ताट बाजूला सारलं. तरीही, खरं सांगतो, आत कुठेतरी बरंही वाटलं. आणि लगेच शंका आली, की ही आपल्यासाठी आहे की सेवरीनने सांगितलेल्या त्या आजारी माणसासाठी? तो माणूस तर मी नव्हतोच. म्हणजे माझी चौकशी अजून झालेलीच नव्हती!

मंगळवारी फादर वालेरियन स्कूटरवरून आले. काखेत ती छोटी काळी पेटी. तिच्यात आजाऱ्यांना लावायचं पवित्र तेल असतं हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत आहे, आणि ती पेटी कुणाच्या फाटकात शिरली की वाड्यातल्या बायका पदर खोचून मयताच्या घरी न्यायच्या पेजेची भांडी शोधायला लागतात. मी त्या वेळी शिडीवर चढून शेवग्याच्या शेंगा काढत होतो.

फादर शिडीखाली उभे राहिले. “क्रास्ताबाब, तुम्ही बेंगळुरूला लेकीकडे होता ना?”

मी वरूनच सेवरीनला शोधलं. ती दाराआड. तिसरा रविवार, तिसरी थाप.

“आलो परत,” मी म्हणालो.

“गुरकार म्हणतात पोट, हिल्डाबाई म्हणतात गुडघा, आणि तुम्ही शिडीवर.” ते पेटी स्कूटरवर ठेवून म्हणाले, “खाली या. खरं सांगा. त्या पेट्रोल पंपामागच्या हॉलमध्ये जाता का? तिथे ढोल वाजवून प्रार्थना होते म्हणे.”

“फादर! माझ्या आजोबांनी या चर्चच्या पायऱ्यांचे दगड वाहिलेत!”

“मग त्या पायऱ्या चढत का नाही?”

याला उत्तर होतं, पण ते त्यांच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. तुमचीच तपासणी चालू आहे, हे आजवर मी कुठल्या दुकानदाराला सांगितलं नव्हतं. “टीव्हीवर बघतो मिस्सा,” मी पुटपुटलो.

“बरं करता. आजारी असाल तर बघा. पण टीव्हीवर पंगत बघून कुणाचं पोट भरल्याचं मी ऐकलं नाही. आणि क्रास्ताबाब, टीव्हीला तुम्ही दिसत नाही.”

हे शेवटचं वाक्य ते स्कूटरला किक मारता मारता बोलले. मला ते लागलं. मुद्दाम बोलले असणार.

इथवर मी प्रकरण मिटवलंही असतं. पण बुधवारी बेंगळुरूहून लेकीचा, जॅसिंथाचा फोन आला. बाळाचा बाप्तिस्मा ठरला होता आणि धर्मपिता मी. “फक्त आपल्या फादरांचा दाखला आणा हं डॅडी. तुम्ही नेमाने मिस्सेला जाता म्हणून. इथले फार कडक आहेत.”

मी चर्चच्या कचेरीत गेलो. कारकून बोनिफास माझ्या हाताखाली शिकलेला नाही, पण शिकला असता तर चाललं असतं, इतका शंकेखोर.

“दाखल्याला गुरकारांची सही लागते,” तो म्हणाला. “गुरकार सही देतात वाड्याची वही बघून. गुरुवारपर्यंत वही इथेच असते.” त्याने वही उघडली आणि माझ्याकडे वळवली.

माझ्या नावापुढे ताव्रोंच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: गुडघा (हिल्डाबाईंकडून). पोट. बेंगळुरू (फादरांकडून). आणि शेवटच्या चौकटीत नुसतं एक प्रश्नचिन्ह.

चौतीस वर्षं मी लोकांच्या नावापुढे प्रश्नचिन्हं काढली. आपल्या नावापुढचं कसं दिसतं ते मी पहिल्यांदाच बघत होतो. मान खाली घातली, आणि खाली घातली म्हणूनच त्याखालची ओळ दिसली. नातालिया कुवेलो. ईस्टरपासून सगळ्या चौकटी कोऱ्या. गुडघा नाही, पोट नाही, प्रश्नचिन्हसुद्धा नाही.

“ही कोण?”

“ओळखत नाही? नातालबाई. तुमच्या मागच्याच बाकावर बसायच्या. त्या... खोकायच्या.”

“मग इथे काही लिहिलं का नाही?”

बोनिफासने खांदे उडवले. “त्यांचं कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. काय लिहिणार?”

ईस्टरपासून म्हणजे एप्रिलपासून. एप्रिल ते ऑगस्ट मी स्वतः तिसऱ्या बाकावर बसलेला. मागचा खोकला बंद झाला होता, हे मला जाणवलंही होतं. या वर्षी प्रवचन फार स्वच्छ ऐकू येतं, असं मी सेवरीनला म्हणालो होतो आणि त्याचं श्रेय नव्या लाउडस्पीकरला दिलं होतं.

पण त्या क्षणी मला पश्चात्ताप वगैरे झाला असं कुणी समजू नये. मला आनंद झाला. पुरावा सापडला होता! मंडळी माणसाला विसरते याचा सणसणीत, लेखी पुरावा. आता नातालबाईंचा जबाब घ्यायचा आणि गुरुवारच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर ताव्रोंच्या पुढ्यात टाकायचा, की काढा आता प्रश्नचिन्ह! अशा उदात्त हेतूने मी त्यांच्या घरी निघालो.

घर जुन्या कौलांच्या कारखान्यामागे, सुपारीच्या बागेत. कुत्रं भुंकलं. खिडकीच्या गजांआडून आवाज आला, “कोण ते?”

“मी लिगोरी क्रास्ता. चर्चमधला.”

“ओळखत नाही. जागेचं असेल तर माझा भाचा बघतो. तो कुंदापुरात असतो.”

“जागेचं नाही.”

“मत मागायला आलात?”

“नाही हो. तुम्ही ईस्टरपासून चर्चला येत नाही, म्हणून विचारायला आलो.”

“कुणी पाठवलं?”

“कुणी नाही.”

“कुणी पाठवल्याशिवाय कोण येतं?” गजांआडचे डोळे आणखी बारीक झाले. मला वाटलं होतं की शंका घेण्यात आपला हात धरणारं या पंचक्रोशीत कुणी नाही.

“नातालबाई, बावीस वर्षं मी तुमच्या पुढच्याच बाकावर बसतो!”

“असं? मग पाठ फिरवा.”

“काय?”

“पुढच्या बाकावरच्या माणसाचं तोंड मला कसं दिसणार? फिरवा पाठ.”

मी अंगणात पाठ फिरवून उभा राहिलो. कुत्रं समोरून माझ्याकडे बघत होतं.

“जरा खाली वाका.” मी वाकलो. “हां! उजव्या कानामागे चामखीळ. आणि कॉलर नेहमीसारखी आत गेलेली. तुम्हीच ते! आधी नाही का सांगायचं!” कडी निघाली. काठीवर रेलून एक वाळकी, ताठ म्हातारी दारात आली. “या, या. कितीदा वाटायचं, हात घालून ती कॉलर बाहेर काढावी.”

मी वळलो. आत पाऊल टाकलं. तिने माझं तोंड बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

“थांब. हे तोंड मी पाहिलंय. शनिवारचा बाजार. खाकी पिशवी... तू तो वजनमाप्यांचा! माझा तराजू नेलास तू!”

पाठ ओळखून आत घेतलेला मी, तोंड ओळखल्यामुळे उंबऱ्यावरच अडकलो. मला आठवलं. भेंडी आणि चवळीच्या शेंगा विकणारी बाई. उजव्या पारड्याच्या बुडाला चिंचेचा गोळा. जप्ती.

“चिंच लावलेली होती,” मी म्हणालो. हे मी बोलायला नको होतं, पण सवय.

“ती चिंच मी लावली नव्हती! तेव्हाही सांगितलं, आजही सांगते!” तिने काठी आपटली. मग एकदम थकल्यासारखी बाकड्यावर बसली. “आणि त्याच डोक्यामागे बसून मी बावीस वर्षं प्रार्थना केली. शांतीचं अभिवादन द्या असं फादर म्हणायचे, तेव्हा दर रविवारी तुझ्या पाठीला हात जोडले. तू उजवीकडे वळायचास, पुढच्यांना हात जोडायचास. मागे कधी वळला नाहीस. मला वाटायचं, मानेचं काही दुखणं असेल.”

मानेचं दुखणं नव्हतं. बाकाचं टोक खिडकीकडचं, मागे वळायला अडचण होते, एवढंच कारण होतं. ते मला तिथे सांगवेना. खिशात जबाब लिहून घ्यायला कागद आणला होता, तो मी आणखी खोल दडवला.

तिने कोरी कॉफी दिली, गूळ घालून. गूळ देताना म्हणाली, “मोजून घातलाय.” मग हळूहळू सगळं कळलं. ईस्टरच्या आठवड्यात न्हाणीत पडली, खुब्याचं हाड सरकलं. घरात चालते, पण शेहेचाळीस पायऱ्या चढणं आता व्हायचं नाही.

“कुणाला कळवायचं तरी,” मी म्हणालो.

“वाटलं, कुणीतरी येईल विचारायला. पहिले दोन महिने दार लोटलेलंच ठेवलं होतं, कडी लावत नव्हते. मग लावायला लागले.” ती कॉफीकडे बघत म्हणाली. “घंटा ऐकू येते इथवर. वारा तिकडचा असला तर फादरही ऐकू येतात. मी दारात उभी राहून सगळं म्हणते. पण मी आमेन म्हटलं की हा कुत्रा भुंकतो. दुसरं कोणी काही म्हणत नाही.”

मी घरी आलो आणि सेवरीनला सगळं सांगितलं. तपासणीचंही खरं खरं. तिने डब्यात सान्ना, आमच्याकडच्या त्या मऊ इडल्या, भरल्या आणि ती नातालबाईंकडे निघून गेली.

गुरुवारी मी प्रार्थनेला गेलो. ताव्रोंना बाजूला घेऊन म्हणालो, “मला गुडघा नाही, पोट नाही. मी रुसलो होतो. माझ्या नावापुढे तसं लिहा. पण त्याखालच्या ओळीत आपण दोघांनीही काही लिहिलेलं नाही.” ताव्रोंना आधी वाटलं की मी टोमणा मारतोय. मग त्यांनी वही काढली, बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. “पुढचा गुरुवार तिच्या घरी,” ते म्हणाले. माझ्या दाखल्यावर सही त्यांनी केली, पण ‘नेमाने’ हा शब्द लिहिण्याआधी पेन उचलून माझ्याकडे जे बघितलं, ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

रविवारी तिला चर्चला आणायचं ठरलं. कसं, यावर वाड्यात तीन दिवस चर्चा झाली. व्हिन्सेंटनी चाकाची खुर्ची सुचवली, ती पायरी चढत नाही हे चौथ्या माणसाने लक्षात आणून दिलं. शेवटी शाळेतली लाकडी हातांची खुर्ची आणि चार माणसं: पुढे ताव्रो आणि बोनिफास, मागे व्हिन्सेंट आणि मी.

“त्यांना नको! त्यांचा गुडघा!” हिल्डाबाई ओरडल्या.

“पोटसुद्धा!” आणखी कुणीतरी ओरडलं. वाड्यात बातमी पसरायला एक दिवस लागतो, पुसायला वर्ष.

पायऱ्यांवर सप्टेंबरचं शेवाळ. नातालबाई खुर्चीचे हात घट्ट धरून प्रत्येकाकडे आळीपाळीने संशयाने बघत होती, माझ्याकडे जरा जास्तच. अकराव्या पायरीवर बोनिफासची चप्पल निसटली. सतराव्या पायरीवर व्हिन्सेंटचं सोनेरी घड्याळ तुटून खाली घरंगळत गेलं. ते “जाऊ द्या” म्हणाले, आणि त्या माणसाबद्दलचं माझं मत मला बदलावं लागलं. एकविसाव्या पायरीवर खुर्ची मागे कलली, सगळा भार माझ्यावर आला आणि निरोगी गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला. तेवढ्यात वर घंटा झाली. मिस्सेला बसलेली माणसं एकेक करून बाहेर येऊन पायऱ्यांच्या माथ्यावर उभी राहिली आणि सल्ले द्यायला लागली. तिरकी धरा. सरळ धरा. बाईंना उतरवा आणि आधी खुर्ची वर न्या. शेवटी आत वेदीपुढे फक्त फादर उरले तेव्हा तेही पूर्ण पेहरावात बाहेर आले, शेवटच्या दहा पायऱ्या खाली उतरले आणि त्यांनी माझ्या बाजूच्या खुर्चीच्या पायाला हात घातला.

मिस्सा पस्तीस मिनिटं उशिरा सुरू झाली. नातालबाईंची खुर्ची चौथ्या बाकाच्या खिडकीकडच्या टोकाला ठेवली. मी लंगडत पुढच्या बाकावर बसलो. थोड्या वेळाने मागे खोकला सुरू झाला. प्रवचनातलं मला निम्मंच ऐकू आलं.

मग फादर म्हणाले, एकमेकांना शांतीचं अभिवादन द्या. मी उजवीकडे वळलो नाही, पुढच्यांना हात जोडले नाहीत. बाकाला धरून, दुखरा गुडघा सांभाळत, पूर्ण मागे वळलो आणि हात जोडले.

तिने हात जोडले नाहीत. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली. आजूबाजूचे सगळे एकमेकांना नमस्कार करून मोकळे झाले, तरी मी तसाच उभा.

“ती चिंच मी लावली नव्हती,” ती हळूच म्हणाली.

चौतीस वर्षांत मी एकही अहवाल बदललेला नाही. मोठमोठ्या व्यापाऱ्यांसाठी बदलला नाही. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या ताठ मानेकडे बघितलं.

“नव्हती,” मी म्हणालो.

तिने हात जोडले. मी पुढे वळणार तोच तिने मागून माझी कॉलर ओढून बाहेर काढली आणि कानाशी येऊन विचारलं, “मग लावली कुणी होती?”

फादरांनी पुढची प्रार्थना सुरू केली होती. सगळं चर्च उभं होतं.

“गुरुवारी येतो,” मी कुजबुजलो. “तेव्हा बोलू.”